बाळूच्या गोळ्या आणि त्याचं लिव्हर

आमच्या कुत्र्याच्या, बाळूच्या, रक्ताच्या रिपोर्टवर अल्कलाइन फॉस्फेटेज या लिव्हरच्या तपासणीपुढे 386 हा आकडा ठळक छापला होता आणि त्याच्या शेजारी वर जाणारा बाण होता. लॅब माणसांची, त्यामुळे बाजूला छापलेली मर्यादाही माणसांचीच. त्या रात्री मी बाळूची फिटची गोळी अर्धी केली. डॉक्टरांना फोन केला नाही, कुणालाच विचारलं नाही. पुढच्या तीन रात्रीही तेच केलं. मला वाटत होतं, मी त्याचं लिव्हर वाचवतेय.

पाचव्या दिवशी पहाटे तीनला तो पलंगाच्या पायाशी आडवा पडून पाय झाडत होता. दात कडाकडा वाजत होते, तोंडाला फेस, खाली लघवीचं थारोळं. मी घड्याळाकडे बघत बसले, कारण पाच मिनिटांवर गेलं तर तसंच उचलून दवाखाना गाठायचा हे एव्हाना पाठ झालं होतं. दीड मिनिटात थांबलं. मग अर्धा तास तो भिंतींना धडकत फिरत राहिला, मला ओळखेना. सात वाजता पुन्हा फिट आली.

डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "गोळी चुकली का?" मी खरं सांगितलं. ते रागावले नाहीत, पण म्हणाले, "ताई, ही गोळी अशी एकदम कमी केली की मेंदू उसळतो. आधी नव्हत्या तेवढ्या फिट येतात. लिव्हरची काळजी आपण दोघं मिळून करू, पण गोळीला हात लावायचा नाही."

बाळू आमचा लॅब्रेडोर, तेव्हा अडीच वर्षांचा, वजन 24 किलो. महिनाभरात तीन फिट झाल्यावर फेनोबार्बिटोन हे फिटचं औषध सुरू झालं होतं, सकाळी 60 मिलिग्रॅम आणि रात्री 60, बरोबर बारा तासांच्या अंतराने. सुरू करण्याआधी रक्त तपासलं होतं. त्याचं महत्त्व तेव्हा मला कळलं नव्हतं. आता वाटतं, तो पहिला कागद नसता तर पुढचे सगळे आकडे कशाशी ताडून बघायचे हेच कळलं नसतं.

त्या दिवशी डॉक्टरांनी 386 म्हणजे काय ते नीट सांगितलं. हे औषध मोडायचं काम लिव्हरच करतं. रोजचं काम अंगावर पडलं की लिव्हर ते मोडणारी एन्झाइम्स जास्त बनवायला लागतं, आणि त्या लगबगीत अल्कलाइन फॉस्फेटेज वाढतंच. बहुतेक कुत्र्यांत वाढतं. नुसत्या त्या आकड्याने लिव्हर खराब झालं असं ठरत नाही. एसजीपीटी (लिव्हरच्या पेशींना इजा झाली की वाढणारं एन्झाइम) किती वर गेलंय, अल्ब्युमिन हे लिव्हर बनवतं ते प्रथिन आणि ग्लुकोज खाली येतंय का, कावीळ दाखवणारं बिलिरुबिन कसं आहे, हे सगळं एकत्र बघायचं असतं. बाळूचं एसजीपीटी 71 होतं, अल्ब्युमिन 3.2. म्हणजे लिव्हर ठीक काम करत होतं.

त्याच कारणाने दुसरी एक गोष्ट होते, ती मला कुणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं. लिव्हर सरावलं की औषध लवकर संपवायला लागतं. डोस तोच, पण रक्तातलं प्रमाण घसरतं. पाचव्या महिन्यात बाळूच्या रक्तातल्या औषधाची लेव्हल 17 आली आणि फिट परत सुरू झाल्या. डोस 90 वर नेला, दोन आठवडे थांबून पुन्हा लेव्हल केली, 29 आली. पंधरा ते चाळीसच्या मधे ठेवायची, पण पस्तीसच्या वर गेली की लिव्हरला धोका वाढतो, म्हणून डॉक्टर तिथे जाऊच देत नाहीत. लेव्हलचं रक्त ते साध्या लाल झाकणाच्या ट्यूबमध्येच घेतात. पिवळ्या झाकणाच्या ट्यूबमधली जेल हे औषध थोडं शोषून घेते आणि आकडा खोटा कमी येतो. लॅबचा मुलगा पिवळी ट्यूब घेऊन आला होता, त्याला परत पाठवलं.

आईचं वेगळंच चाललं होतं. कावीळ झाली की भुईआवळीचा रस द्यायचा, हे तिच्या माहेरी चालत आलेलं. तिने परसात शोधून वाटून ठेवलाही होता. शेजारचे काका हळदीचं दूध सांगून गेले. डॉक्टर म्हणाले, जे काही पोटात जाईल ते लिव्हरलाच निस्तरावं लागणार, आणि उद्या आकडा वाढला तर कशाने वाढला ते कळणार नाही. आईला ते पटलं. मला आईचा रागही आला नाही, तिचा जीव तुटत होता.

खरा फटका बसला तो पावसाळ्यात. बाळूच्या पोटाला आणि काखेत बुरशी आली, गोल चट्टे, केस गळलेले. आमचे डॉक्टर गावाला गेले होते म्हणून दुसरीकडे दाखवलं. बुरशीवरच्या केटोकोनॅझोलच्या गोळ्या मिळाल्या. फिटचं औषध चालू आहे हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. बारा दिवसांनी बाळू जिना उतरताना मागच्या पायांनी लडबडायला लागला. आणि त्याने जेवण सोडलं. फिटच्या गोळ्यांवरच्या कुत्र्याला भूक मावत नाही, आमच्याकडे तर तो कणकेच्या डब्यापाशी ठाण मांडायचा. त्याने भाकरीचा वास घेऊन तोंड फिरवलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

एसजीपीटी 310. लेव्हल 39.

केटोकोनॅझोल मुळातच लिव्हरला जड, वर त्याने इतर औषधं मोडण्याचं लिव्हरचं कामही मंदावतं. ते त्याच दिवशी बंद केलं, बुरशीसाठी औषधी शाम्पू दिला. आम्हाला शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयात पाठवलं. साताऱ्याहून निघालो, खंबाटकीच्या बोगद्यात बाळूचं डोकं माझ्या मांडीवर, आणि मी सबंध रस्ताभर त्याच्या हिरड्या वर करून पिवळ्या पडल्यात का ते बघत होते. सोनोग्राफीसाठी पोटावरचे केस काढले, चारही पाय वर धरून झोपवलं. तो हूं की चूं न करता माझ्याकडे बघत राहिला. लिव्हरची ठेवण ठीक निघाली.

मग हळूहळू बदल केले. लेव्हेटिरासेटाम हे फिटचं दुसरं औषध 500 मिलिग्रॅम दर आठ तासांनी सुरू झालं, ते बहुतांशी किडनीवाटे जातं, लिव्हरवर भार टाकत नाही. ते लागू पडल्यावर फेनोबार्बिटोन 90 वरून 75, चार आठवड्यांनी 60. सोबत एसएएमईची गोळी, लिव्हरच्या पेशींना आधार म्हणून. ती रिकाम्या पोटी द्यायची, तोडायची किंवा कुटायची नाही, कारण वरचं आवरण आतड्यापर्यंत टिकावं लागतं. म्हणजे सकाळी सहाला गोळी आणि जेवण सातला. तो एक तास बाळूची समजूत घालणं हे दिवसातलं सगळ्यात अवघड काम आहे. लेव्हेटिरासेटामची दुपारी दोनची गोळी आई देते, तांदळाच्या भाताच्या मुटक्यात घालून. रात्री दहाची माझी.

दीड महिन्याने बाइल ॲसिडची तपासणी झाली, लिव्हर काम कसं करतंय ते बघायला. एकदा उपाशीपोटी रक्त, मग खायला घालून दोन तासांनी पुन्हा. 6 आणि 14. डॉक्टर कागद माझ्यापुढे सरकवत म्हणाले, "लिव्हर काम करतंय." मी दवाखान्याच्या बाकावर बसून रडले. एसजीपीटी 96 वर आलं. अल्कलाइन फॉस्फेटेज अजून 340 आहे, आणि आता त्या बाणाची मला भीती वाटत नाही.

त्याच्या फाइलच्या पहिल्या पानावर मी मोठ्या अक्षरांत औषधांची नावं, डोस आणि शेवटची लेव्हल लिहून ठेवली आहे. कुठल्याही दवाखान्यात गेलं की आधी ते पान उघडून पुढे ठेवते. गोचिडांच्या गोळीच्या वेळी त्याचा उपयोग झाला. त्यांतल्या काही गोळ्या फिट येणाऱ्या कुत्र्यांना चालत नाहीत, डॉक्टरांनी पान वाचूनच दुसरा उपाय दिला. वजन 28 वर गेलं होतं, भाकरी कमी करून दुधी आणि गाजर वाढवलं, आता 25 आहे.

दर सहा महिन्यांनी रक्त. मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी पुढच्या पायावरचे केस काढायला मशीन हातात घेतलं, तर बाळूने तो पाय आपणहून टेबलावर पुढे केला. फिट येऊन सात महिने झालेत. लेव्हल 22 आहे.