आमची वाटचाल : उसन्या डिस्कवरचा धंदा

आम्ही दोघांनी काम सुरू केलं तेव्हा आयबीएमच्या एएस/४०० या कंपन्यांच्या कामकाजासाठीच्या संगणकात विंडोज चालवणारं कार्ड बसवून घ्यायची पद्धत होती. कार्डावर प्रोसेसर आणि मेमरी स्वतःची. डिस्क मात्र होस्टकडून, म्हणजे त्या एएस/४०० कडून, उसनी. होस्टवर हव्या त्या आकाराची ‘स्टोरेज स्पेस’ तयार करून कार्डावरच्या सर्व्हरला जोडली, की विंडोजला ती साधी हार्ड डिस्क वाटते. खरं तर तिचे तुकडे पूलमधल्या, म्हणजे होस्टने एकत्र धरलेल्या, सगळ्या डिस्कांवर पसरलेले असतात.

ग्राहकाला एवढं लगेच कळायचं. घोडं पुढे अडायचं. ४० जीबीची स्पेस केली की होस्टचे ४० जीबी त्याच क्षणी गेले, मग आत एकही फाइल नसो. आणि विंडोजमध्ये कितीही साफसफाई करा, होस्टवर काही सुटत नाही.

हे लोकांना शिकवणारे आम्हीच त्यात सापडलो. एका ग्राहकाकडे चाचणीसाठी दोन मोठ्या स्पेस केल्या आणि काढायच्या राहून गेल्या. महिनाअखेरीला पगाराचं काम रात्री लागलं. सिस्टम पूल, म्हणजे होस्टचा मुख्य पूल, ९० टक्क्यांवर गेला तेव्हा ऑपरेटरच्या मेसेजमध्ये सीपीएफ०९०७ हा जागा भरत आल्याचा इशारा येऊन पडला होता, पण त्या वेळी बघायला होतं कोण? पूल काठोकाठ भरला आणि अख्खं मशीन थांबलं. त्या कामाचं बिल आम्ही लावलं नाही. लावायला तोंडच नव्हतं.

तेव्हापासून अशा स्पेस सिस्टम पूलपासून वेगळ्या, यूजर पूलमध्ये ठेवायचा आमचा आग्रह. काही ग्राहक नाही म्हणतात, आणि त्यांचंही चुकत नाही : वेगळ्या पूलला डिस्का कमी येतात, वेग पडतो. बॅकअपचीही अशीच गंमत. सर्व्हर बंद करून होस्टवरून अख्खी स्पेस सेव्ह करता येते, पण त्यातून कुणाची एकच एक्सेल फाइल काढून द्या म्हटलं तर हात वर. त्यासाठी आतून वेगळा बॅकअप लागतोच.

ती कार्डं आता इतिहासजमा झाली. स्टोरेज स्पेस मात्र टिकली. आता तिच्यावर लिनक्सची पार्टिशनं, म्हणजे त्याच मशीनचे वेगळे काढलेले भाग, चालतात. मागच्याच आठवड्यात फोन आला, “साहेब, लिनक्समध्ये अर्धी डिस्क रिकामी आहे, मग होस्ट का ओरडतोय?” मी विचारलं, स्पेस केवढी केली होतीत?