तुम्ही विचारलंत म्हणून: विज्ञान शिकलो नाही, आता सुरुवात कुठून करू?

‘विज्ञानाची ओढ आहे, पण शिक्षण दुसऱ्याच विषयात झालं. दुर्बीण घेऊ का?’ असं पुष्कळजण विचारतात. दुर्बीण सध्या राहू द्या. पुठ्ठा, दोरा आणि मोजपट्टी घेऊन पृथ्वीचा घेर मोजा. एखादी मोठी गोष्ट स्वतःच्या हाताने मोजण्यातला आनंद कशात नाही.

ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात इजिप्तमध्ये इरॅटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने हेच केलं. वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी सायीनला, म्हणजे आजच्या आस्वानला, भर दुपारी सूर्य डोक्यावर असे. अलेक्झांड्रियात तेव्हा तो ७.२ अंश कललेला होता; ७.२ हा ३६० अंशांचा पन्नासावा भाग, म्हणजे दोन गावांमधलं अंतरही घेराचा पन्नासावा भाग. आपल्याकडे यासाठी पुणे आणि पणजी ही सुरेख जोडी आहे. दोन्ही शहरं जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत. पणजीत एक जोडीदार शोधा आणि दिवस ठरवा. २० किंवा २१ मार्च उत्तम.

सूर्याचा कोन मोजायला काठी उभी करून तिची सावली मोजू नका, फसगत तिथेच होते. गच्चीला पाणी वाहून जायला उतार असतो. शंभरात एक उतार म्हणजे अर्ध्या अंशाहून जास्त. अशा फरशीला गुण्या लावून काठी काटकोनात उभी केली, तर ती तेवढीच कललेली राहते. शिवाय सूर्य हा ठिपका नाही, अर्ध्या अंशाची तबकडी आहे. त्यामुळे मीटरभर काठीच्या सावलीचं टोक सेंटिमीटरभर विरलेलं दिसतं. खूण कुठे करायची?

त्यापेक्षा पुठ्ठ्याला ४ मिलिमीटरचं भोक पाडा. दक्षिणेकडच्या कठड्यावर पुठ्ठा आडवा ठेवून विटेने दाबा. भोक गच्चीच्या बाजूला पुढे आलं पाहिजे. भोकातून ओळंबा (दोऱ्याला बांधलेलं वजन) सोडून जमिनीवर खूण करा, उंची मोजा, मग दोरा काढा. पुठ्ठ्याच्या सावलीत सूर्याचा सव्वा-दीड सेंटिमीटरचा गोल कवडसा पडेल. त्याचा मध्य डोळ्याला नेमका सापडतो.

१२:२५ ते १ दर पाच मिनिटांनी मध्यावर ठिपका द्या. मार्चमधल्या त्या दिवशी हे ठिपके जवळजवळ सरळ रेषेत येतात, आणि ती रेषा पूर्व-पश्चिम असते. ओळंब्याच्या खुणेपासून रेषेपर्यंतचं सर्वांत कमी अंतर मोजा. मध्यान्हाचा क्षण पकडायची गरजच नाही. भोक मीटरभर उंच असेल तर पुण्यात ते ३३.५ सेंटिमीटरच्या आसपास भरेल, पणजीत २७.७. अंतराला उंचीने भागा आणि मोबाइलच्या गणकयंत्रावर त्याचा व्यस्त टॅन (tan⁻¹ चं बटण) काढा, म्हणजे कोन मिळेल: साडेअठरा आणि साडेपंधरा अंश. फरक ३ अंशांचा. दोन शहरांमधलं सरळ अंतर सुमारे ३३५ किलोमीटर (नकाशावर मोजा, रस्त्याचं घेऊ नका). त्याला ३६० ने गुणून ३ ने भागलं की ४०,२०० येतात. खरा घेर ४०,००० च्या जरासा वर आहे.

पहिल्या खेपेला एवढं जमेलच असं नाही. एका बाजूला १ सेंटिमीटर चुकला तर कोनात अर्धा अंश जातो आणि घेर सहा-सात हजार किलोमीटरने हुकतो. म्हणून आकडा बिनसला की आधी उंची पुन्हा मोजा, मग वाऱ्याने ओळंबा हलत होता का ते आठवा. ही चूक शोधत बसणं हाच यातला सर्वांत रसाळ भाग आहे.

मार्च हुकला तर मे आहे. साधारण ३ ते १३ मे या काळात दुपारी सूर्य दोन शहरांच्या मधल्या अक्षांशांवर असतो. तेव्हा पुण्यातला कवडसा उत्तरेला सरकतो आणि पणजीतला दक्षिणेला. त्या दिवसांत कोनांची वजाबाकी करायची नाही, बेरीज करायची.