मदर्स डे कंपन्यांनी काढला का?

मे महिना आला की कुणीतरी मला विचारतंच, "मदर्स डे म्हणजे कार्डवाल्यांनी आणि फुलवाल्यांनी काढलेलं खूळ ना, तू कशाला मानतेस?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

खरं तर हा दिवस सुरू केलेल्या बाईनेच त्या कार्डवाल्यांशी आयुष्यभर भांडण मांडलं होतं! ॲना जार्विस तिचं नाव, अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियाची. तिच्या आईला डझनभर मुलं झाली, त्यातली मोठी होईपर्यंत जगली फक्त चार, आणि ती बाई रडत नाही बसली, तिने 1858 मध्ये गावोगावच्या बायका जमवून स्वच्छतेचे, बाळांच्या तब्येतीचे क्लब काढले, पुढे सिव्हिल वॉर, म्हणजे अमेरिकेतलं उत्तर-दक्षिण यादवी युद्ध, झालं तेव्हा याच बायकांनी दोन्हीकडच्या सैनिकांची शुश्रूषा केली. 1905 मध्ये ॲनाची ही आई गेली. 10 मे 1908 ला वेस्ट व्हर्जिनियातल्याच ग्राफ्टन गावच्या चर्चमध्ये पहिला मदर्स डे झाला, त्यासाठी ॲनाने 500 पांढरी कार्नेशन्स पाठवली, आईचं आवडतं फूल. हे फूल सुकताना पाकळ्या गाळत नाही, आत ओढून छातीशी धरतं, आई मुलांना धरते तसं, असं ॲना म्हणायची. मला तर हे वाचून भरूनच आलं होतं.

1914 मध्ये प्रेसिडेंट विल्सन यांनी मेचा दुसरा रविवार जाहीर केला. नावात 'मदर' एकवचनी हवं हा ॲनाचा हट्ट, म्हणजे जगातल्या सगळ्या आयांचा नाही, तुझ्या एका आईचा दिवस. मग बाजार सुरू झाला, कार्नेशन्सचे भाव चढले, आणि ती चिडली, छापील कार्ड पाठवणं म्हणजे आईला चार ओळी लिहायचाही आळस, असं ती उघड बोलायची, कोर्टात गेली, एकदा तर अटकही झाली. 1948 मध्ये गेली तेव्हा जवळ पैसा नव्हता, मूलबाळही नव्हतं.

बरं, आईसाठी दिवस ही काही एकट्या अमेरिकेची गोष्ट नाही. ब्रिटनचा मदरिंग संडे यापेक्षा कितीतरी जुना, लेंटमधल्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळातल्या, चौथ्या रविवारी, त्या दिवशी मोठ्या घरांत कामाला असलेल्या पोरींना सुट्टी मिळायची आणि त्या रस्त्याकडेची फुलं तोडत घरी जायच्या. मेक्सिकोत वार कुठलाही असो, 10 मेच. थायलंडमध्ये 12 ऑगस्टला, सिरिकित राणींच्या वाढदिवशी, आईला मोगरा देतात. आणि नेपाळात तिथल्या पंचांगाप्रमाणे वैशाखातल्या अवसेला, ज्यांची आई नाही ते काठमांडूजवळच्या मातातीर्थ कुंडावर जाऊन स्नान करतात, तिच्या नावाने दानधर्म करतात, हे मला सगळ्यात जवळचं वाटतं, कारण बाकीकडे आई गेलेल्या माणसाने त्या दिवशी काय करायचं हे कुणी सांगतच नाही.

मी मानते ते ॲनाचं ऐकून. दरवर्षी आईला हाताने पत्र लिहिते, एक पान, पाठपोट. ती वाचते, घडी घालते आणि उशीखाली ठेवते.