तुम्ही विचारलंत म्हणून : पडद्यावरचा खड्डा

डोळ्यांच्या दवाखान्यात मी ओसीटीचं, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याचं (रेटिनाचं) प्रकाशाने स्कॅन काढणारं मशीन चालवते. हनुवटी टेकवा, खुणेकडे बघा, पापणी लववू नका, झालं. स्क्रीनवर पडद्याचा उभा छेद उमटतो आणि कुणी ना कुणी दचकून विचारतंच, "मॅडम, पडद्याला खड्डा पडलाय का हो?"

खड्डा आहे. असायलाच हवा.

त्या चित्रात प्रकाश वरून येतो, पण तो टिपणाऱ्या दंडपेशी आणि शंकूपेशी असतात पार तळाशी, त्यांची टिपणारी टोकं तर आणखी मागे वळलेली. वाटेत मेंदूकडे निरोप नेणारे तंतू, त्यांच्या पेशी, मधल्या जोडणीच्या पेशी, रक्तवाहिन्यासुद्धा. ऑक्टोपसच्या डोळ्यात हे सरळ आहे, टिपणारी टोकं प्रकाशाकडे. आपल्याकडे आधी वायरिंग, मग कॅमेरा!

तरी दिसतं, कारण हा सगळा पसारा जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा आणि बराचसा पारदर्शक. शिवाय थरांमधून आरपार उभ्या असलेल्या म्युलर पेशी. त्या ऑप्टिकल फायबरसारखा प्रकाश खाली पोचवतात, हे जर्मनीतल्या लाइपझिगच्या संशोधकांनी 2007 मध्ये गिनीपिगच्या डोळ्यातल्या पेशींवर दाखवलं.

मग प्रकाश टिपणाऱ्या पेशी मागे का बसल्या? मला पटलेलं उत्तर पोटापाण्याचं आहे. त्या फार खादाड, आणि त्यांचं रक्त मागच्या बाजूने येतं. टोकांचा जवळपास दहावा भाग रोज झडतो; तो गिळून साफ करणारा काळसर थरही मागेच, अगदी खेटून.

पण सुईत दोरा ओवायचा, पेपरातलं बारीक अक्षर लावायचं, तिथे एवढीही आडकाठी नको. म्हणून बरोबर मध्यावर वरचे थर बाजूला सरकलेत, रक्तवाहिन्याही नाहीत, खाली शंकूपेशींची दाटी. तोच तुमचा खड्डा.

मला धास्ती वाटते ती तो बुजल्याची. शुगर बरीच वर्षं चढी असली की बारीक रक्तवाहिन्या पाझरतात, पाणी साठतं आणि खड्ड्याच्या जागी टेंगूळ येतं. मग दाराची चौकट वाकडी दिसते, अक्षरं विरघळतात.

रिपोर्ट डॉक्टरच सांगतात, मी तोंड उघडायचं नसतं. पण परवा एक काकू खुर्चीतून उठेचनात.

"आधी सांग, माझा खड्डा बरा आहे ना?"

"आहे हो काकू. चांगला खोल आहे."