मंगळवार, चार वाजता

मंगळवार, रात्री

आज चारचं थेरपीचं सेशन संपायला दहा मिनिटं उरली होती. समोरून शांतपणे वाक्य आलं, "मला वाटतं, आता माझं मी बघू शकेन. पुढच्या वेळी शेवटचं भेटूया का?"

हे वाक्य ऐकायला मिळावं म्हणूनच तर मी त्या खुर्चीत बसते. तरी माझ्या मनात आधी आला तो हिशेब: मंगळवारी चारची वेळ रिकामी होणार. जेमतेम अर्धा सेकंद असेल. त्यामागून आनंद आला, आणि तो अगदी खरा होता. पण क्रम असा होता, आधी हिशेब, मग आनंद. मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण उद्यापर्यंत मला फक्त आनंदच आठवेल.

(क्लायंटला इथे 'तो' म्हणते आहे ते वाक्य नीट चालावं म्हणून. कोणाची ओळख पटेल असं काही मी लिहीत नाही.)

दुकानातलं गिऱ्हाईक समाधानी झालं की पुन्हा येतं. माझ्याकडे माणूस बरा झाला की जातो, आणि जायलाच हवा. संस्थेत नोकरी करत होते तेव्हा हे जाणवलं नव्हतं. तिथे एक जण गेला की दुसरा येऊन बसायचा, पगार पहिल्या तारखेला व्हायचा. स्वतःची प्रॅक्टिस सुरू केली आणि रिकाम्या तासाला वजन आलं.

बुधवार

सकाळी कॅलेंडर घेऊन बसले. आठवड्याला 20 सेशन्स, वर्षाचे 46 आठवडे. म्हणजे 920 सेशन्स. माझ्याकडे माणूस सरासरी दहा सेशन्स थांबतो, म्हणजे वर्षाला 92 नवी माणसं लागणार. आठवड्याला दोन. हेच सरासरी वीस सेशन्स थांबले तर नवी माणसं फक्त 46.

आकडे मांडल्यावर जे दिसलं त्यानं बराच वेळ पेन हातातच राहिलं. प्रॅक्टिस 'वाढवायचा' सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे माणसांना जास्त दिवस थांबवून घेणं. त्यासाठी खोटं बोलावंही लागत नाही. "अजून थोडं काम बाकी आहे असं वाटतं" एवढं म्हटलं की पुरे, कारण कोणाचंच काम पूर्ण संपलेलं नसतं. माझ्यावर विश्वास ठेवणारा माणूस ते मान्य करेल. व्यवसायाचे सल्लागार 'रिटेन्शन' हा शब्द किती सहज वापरतात! आमच्या खोलीत तो शब्द धोक्याचा आहे.

केनेथ हॉवर्ड आणि सहकाऱ्यांचा 1986 सालचा अभ्यास पुन्हा काढून वाचला. सुमारे 2,400 रुग्णांची माहिती एकत्र करून त्यांनी मांडलं होतं की आठव्या सेशनच्या सुमारास निम्म्या लोकांमध्ये मोजता येईल अशी सुधारणा दिसते, आणि 26 सेशन्सपर्यंत तीन चतुर्थांश लोकांमध्ये. सुरुवातीला फरक वेगानं पडतो, पुढे तो मंदावत जातो. काहींना दोन-तीन वर्षं लागतात हेही मी पाहिलंय आणि ती वर्षं सार्थकी लागलेली पाहिली आहेत. पण सगळ्यांना नाही लागत. कोणाला लागतात हे ठरवणारीच जर भाड्याची काळजी करत बसली असेल, तर तिचा अंदाज कोणत्या बाजूला झुकेल?

गुरुवार

मॅडमकडे सुपरव्हिजन होतं, म्हणजे अनुभवी थेरपिस्टसमोर आपलं काम मांडून तपासून घेणं. मंगळवारचा तो अर्धा सेकंद सांगितला. सांगताना घसा कोरडा पडला. वाटलं होतं, त्या म्हणतील, "माणूस आहेस, होतं असं." तसं काही म्हणाल्या नाहीत.

"हा हिशेब सेशन चालू असताना डोक्यात कधीपासून येतोय?"

मी आठवून बघितलं. भाडं वाढलं त्या महिन्यापासून.

"मग मनाशी भांडत बसू नकोस. तीन महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत बाकीचं सगळं थांबव. नवी खुर्ची नको, नवा कोर्सही नको. तुझा खर्च त्या खोलीत येऊन बसता कामा नये. तो बाहेर कुठेतरी बसवण्याची सोय कर."

इतकी साधी गोष्ट. मी मात्र तीन महिने स्वतःला कोसत होते, माझीच निष्ठा कमी पडतेय म्हणून. वर्षातून एकदा दोन महिने फार कमी माणसं येतात, हेही आता गृहीत धरायचं ठरवलं. दर वेळी त्या दोन महिन्यांत वाटायचं, संपलं सगळं.

शुक्रवार

गेल्या वर्षी बंद झालेल्या फायली काढल्या आणि दोन गठ्ठे केले. एकात बोलून, ठरवून निरोप घेतलेली माणसं. दुसऱ्यात न सांगता यायची थांबलेली.

दुसरा गठ्ठा मला वाटत होतं त्यापेक्षा जाड निघाला. जोशुआ स्विफ्ट आणि रॉजर ग्रीनबर्ग यांनी 2012 साली 669 अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा साधारण पाचातला एक जण उपचार अर्ध्यावर सोडतो असं निघालं होतं. म्हणजे हे सगळीकडे होतं. पण माझ्या गठ्ठ्यातल्या बहुतेक फायली एका किंवा दोन सेशन्सच्या होत्या, आणि ते माझ्याबद्दल काहीतरी सांगत होतं.

संध्याकाळपर्यंत त्या पहिल्या सेशन्सच्या नोट्स वाचल्या. सगळ्यांत एकच गोष्ट. माणूस काहीतरी असह्य घेऊन आलेला, आणि मी पन्नासातली चाळीस मिनिटं त्याचा इतिहास घेतेय. घरात कोण कोण, आधी औषधं घेतली होती का, शिक्षण, झोप, भूक. माहिती सगळी नीट भरलेली. फक्त एका फाईलमध्ये, अगदी खाली, माझ्याच अक्षरात: "निघताना म्हणाला, खरं तर मला दुसरंच सांगायचं होतं." तो परत आला नाही. आज ते वाक्य वाचून मी फाईल मिटली आणि थोडा वेळ तशीच बसले.

एडवर्ड बोर्डिन यांनी 1979 साली थेरपीतल्या नात्याचे तीन भाग सांगितले होते: कुठे जायचंय यावर एकमत, तिथे कसं जायचं यावर एकमत, आणि दोघांमधला विश्वास. मी हे परीक्षेत लिहिलं, विद्यार्थ्यांना शिकवलं. पहिल्या सेशनमध्ये मात्र मी फॉर्म भरत होते.

सोमवारपासून बदल. इतिहासाचा फॉर्म आधी पाठवायचा, घरून भरून येऊ दे. त्यातला जिवाच्या धोक्याबद्दलचा प्रश्न मात्र फॉर्मवर सोडायचा नाही, तो मी स्वतः, समोर बसून विचारणार. पहिला प्रश्न: "आज इथून जाताना काय बोलून झालेलं असायला हवं?" आणि शेवटची पाच मिनिटं फक्त एका गोष्टीसाठी: आज काय राहून गेलं? स्कॉट मिलर आणि बॅरी डंकन यांची चार रेघांची एक छोटी पट्टी आहे. ऐकून घेतलं गेलं का, हवं ते बोललो का, पद्धत पटली का, एकूण कसं वाटलं. प्रत्येक रेघेवर क्लायंटनं खूण करायची, एक मिनिट लागतं. खूण खाली आली की त्यावर बोलायचं, आणि तेव्हा आपल्या चेहऱ्यावर नाराजी दिसू द्यायची नाही. ते मला अजून शिकायचंय.

हा दुसरा गठ्ठा बारीक झाला तर प्रॅक्टिस वाढेल आणि त्या वाढीची मला लाज वाटणार नाही.

सोमवार

फीबद्दल. आज नव्या माणसाला फी सांगताना मी कॅलेंडरकडे बघत होते, आवाज खाली गेला होता. ज्या खोलीत मी लोकांना म्हणते, "अवघड गोष्ट आहे, पण इथे बोलू शकता," तिथे मीच एका गोष्टीवर पुटपुटते. समोरच्याला त्यातून काय कळत असेल? पैशाबद्दल इथे बोलायचं नसतं, हेच. मग पुढे नोकरी गेली, हात आखडला, की तो सांगणार नाही. यायचाच थांबेल. दुसऱ्या गठ्ठ्यात अशा किती फायली असतील!

फ्रॉइडनं 1913 साली लिहिलं आहे की पैशाबद्दल लोक कामजीवनाइतकेच संकोचाने आणि दुटप्पीपणे वागतात, म्हणून उपचार करणाऱ्यानं सुरुवातीलाच फी स्पष्ट सांगावी. त्याच्याकडे तास ठरलेला असायचा, रुग्ण आला नाही तरी त्या तासाची फी द्यावी लागे. त्याच लेखात तो सांगतो की साधारण दहा वर्षं रोज एक तास, कधी दोन, तो विनामूल्य उपचार करत होता, आणि त्याचा निष्कर्ष असा की फुकट उपचारात अडथळे वाढतात. हे मला पूर्ण पटत नाही. माझ्या 20 वेळांपैकी तीन कमी फीच्या आहेत, आणि तिथली माणसं काम करण्यात कुठेच कमी पडत नाहीत. पटलं ते एवढंच की संकोच माझा असेल तर त्याची किंमत समोरचा मोजतो.

न सांगता चुकवलेल्या सेशनचंही तसंच. एकाला मी तीनदा फी माफ केली. चौथ्यांदा तो उशिरा आला तेव्हा माझ्या आवाजात एक कोरडेपणा होता, तो मला ऐकू आला. नियम असता तर राग साठला नसता. आता 24 तास आधी कळवायचं, पहिल्या भेटीतच लेखी, आणि आजारपण किंवा घरातलं संकट असेल तर सूट.

बुधवार

थोडक्यात, कारण दमले आहे. मध्यंतरी एका आठवड्यात 27 सेशन्स घेतली होती, रिकाम्या महिन्यांची भरपाई म्हणून. त्या गुरुवारी दिवसाच्या सहाव्या माणसाला मी पाचव्याच्या आईबद्दल विचारलं. तो गोंधळून बघत राहिला. मी माफी मागितली, पण जे व्हायचं ते झालं होतं. माझी मर्यादा 20 आहे. त्यापुढची कमाई मला नको.

शनिवार

एक गोष्ट अजून नीट उलगडलेली नाही. निद्रानाशासाठीची सीबीटी (विचार आणि सवयी बदलण्यावर काम करणारी थेरपी) शिकायला घेतली तेव्हा व्यवसायाच्या दृष्टीनं तो तोट्याचा निर्णय वाटला होता. सहा ते आठ सेशन्सचं काम. झोपेची डायरी भरायची, अंथरुणातला जागा राहण्याचा वेळ कमी करायचा, झोप येत नसेल तर उठून बसायचं, उठण्याची वेळ रोज एकच. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं 2016 साली प्रौढांच्या जुन्या निद्रानाशासाठी गोळ्यांच्या आधी हेच सुचवलं. माणूस दोन महिन्यांत मोकळा होतो.

पण गेल्या वर्षी माझ्याकडे सर्वांत जास्त माणसं आली ती यातूनच. फॅमिली डॉक्टरांकडे झोप न लागणारं कोणी ना कोणी रोज येतं, आणि गोळीशिवाय काय द्यायचं हा त्यांच्यापुढे प्रश्न असतो. एकदा क्लायंटच्या लेखी परवानगीनं मी डॉक्टरांना अर्ध्या पानाचं पत्र पाठवलं: काय केलं, किती सेशन्स झाली, आता कसं आहे. पुढच्या महिन्यात त्यांनी तिघांना पाठवलं. आधी दोन वर्षं मी कार्डं वाटत होते, त्यातून कोणी आल्याचं आठवत नाही. आणि ओसीडीसाठी (नको ते विचार आणि त्याच त्याच कृती थांबत नाहीत तो आजार) कोणी आलं की मी ते काम नीट शिकलेल्या सहकाऱ्याकडे पाठवते. तिथूनही माणसं माझ्याकडे येतात.

बऱ्या झालेल्यांकडून दोन कौतुकाची वाक्यं लिहून घ्या, असा सल्ला पुन्हा एकानं दिला. नाही घेणार. ज्यानं माझ्यासमोर रडून घेतलंय त्याला माझी जाहिरात करायला सांगितलं, तर नाही म्हणणं त्याला किती जड जाईल!

मंगळवार, रात्री

शेवटचं सेशन झालं. पहिल्या दिवशी त्यानं काय मागितलं होतं ते मी फाईलमधून वाचून दाखवलं. तो म्हणाला, "हे मी म्हटलं होतं?" मग खूप वेळ दोघंही गप्प होतो. त्रास परत आला तर काय करायचं, कोणत्या खुणा दिसल्या तर फोन करायचा, हे त्यानं स्वतःच सांगितलं. मला काही जोडावं लागलं नाही.

निघताना दारात थांबला. "ही चारची वेळ आता कोणाला देणार?"

"वाट बघणारं कोणीतरी आहे."

"मीसुद्धा पाच आठवडे वाट बघितली होती," तो म्हणाला. "म्हणजे तेव्हा कोणीतरी असंच उठून गेलं असणार."

मला ते कधी सुचलं नव्हतं. तो गेल्यावर मी जुनं कॅलेंडर उघडून बघितलं. खरंच, त्याच्या पहिल्या सेशनच्या आधीच्या मंगळवारी, चार वाजता, एका नावापुढे माझ्या अक्षरात लिहिलं होतं: शेवटचं सेशन.

यादीतल्या पहिल्या नावाला उद्या सकाळी फोन करायचा आहे.