जावळी खोऱ्यातली एक भावकी: कुळशोधाची नोंद, टप्पा चौथा

सद्यस्थिती अशी. चार घरांपैकी तीन घरांची साखळी आजच्या सातबाऱ्यापासून हक्कनोंद पत्रकापर्यंत (जमिनीवरच्या हक्कांची जुनी नोंद) जुळली. चौथं घर 1957 च्या अलीकडेच अडकलंय. मोडीचं काम सुरू झालं आहे, पण मोजकंच.

जावळी, महाबळेश्वर, पाटणच्या डोंगरी वाड्यांत नावावर भिस्त ठेवून वंशावळ लागत नाही. अख्ख्या वाडीचं आडनाव एक, आजोबाचं नाव नातवाला, चुलत घरातही तीच नावं. एकाच पिढीत तीन धोंडी बिन राघू (राघूचा मुलगा धोंडी) सहज सापडतात. म्हणून माणूस ओळखायचा तो जमिनीवरून: सर्व्हे नंबर, हिस्सा, क्षेत्र आणि आकार, म्हणजे शेतसारा. नाव दहा जणांचं असेल, पण विशिष्ट हिश्शाचा तेवढाच आकार भरणारा खातेदार एकच.

आजच्या सातबाऱ्यावर गट नंबर असतो. जमिनीचे विखुरलेले तुकडे जोडण्याच्या एकत्रीकरण योजनेत जुने सर्व्हे नंबर बदलले, त्यामुळे गट नंबर घेऊन जुन्या दप्तरात शिरलात तर दुसऱ्याच कुणाच्या तरी वंशात पोचाल. आधी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचा 9(3), 9(4) चा उतारा काढावा. कुठला सर्व्हे नंबर कुठल्या गटात गेला ते त्यात मिळतं. मग तहसीलच्या अभिलेख कक्षात जुना हस्तलिखित सातबारा. त्यात कंस केलेलं नाव म्हणजे कमी झालेलं नाव आणि वर्तुळातला आकडा म्हणजे फेरफार क्रमांक. तो आकडा धरून गाव नमुना 6 मध्ये, म्हणजे फेरफारांच्या (हक्कबदलांच्या) नोंदवहीत जायचं आणि एकेक फेरफार मागे सरकत राहायचं.

पडताळणी कशी करावी, याचं एक उदाहरण. जुन्या उताऱ्यावर क्षेत्र 2 एकर 14 गुंठे, आकार 1 रुपया 6 आणे. म्हणजे 94 गुंठे. एका गुंठ्याचे साधारण 1.01 आर, तर 95 आर. सहा आणे म्हणजे 37.5 नवे पैसे, तेव्हा नव्या उताऱ्यावर 0.95 हेक्टर आणि 1.37 किंवा 1.38 रुपये दिसायला हवेत. आकार जुळला आणि क्षेत्र नाही जुळलं, तर बहुधा पोटखराबा, म्हणजे लागवडीला अयोग्य भाग, एकीकडे धरलाय, दुसरीकडे सोडलाय. डोंगरात पोटखराबा मोठा असतो. हा फरक बघून घाबरून शाखा बदलू नये.

फेरफारातली अक्षरं नीट वाचावीत. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर: नाव थोरल्याचं, पण धाकटे भाऊ हयात. हे सुटलं की भाऊच्या भाऊ गळतात. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता: पुढचं नाव पालनकर्त्याचं, बहुतेक आईचं किंवा चुलत्याचं. त्याला बाप समजण्याची चूक सर्रास होते.

मृत्यूची तारीख फेरफारावरून घेऊ नये. वारसनोंद मृत्यूनंतर वर्षांनी लागलेली असू शकते. त्यासाठी गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक, जन्म-मृत्यूची नोंदवही. जन्माच्या नोंदीत मुलाचं नाव नसतं, 'मुलगा' एवढंच आणि बापाचं नाव. वयं 40, 50, 60 अशी गोळाबेरीज, म्हणून मागेपुढे पाच वर्षं धरावीत. 1918 च्या मानमोडीच्या (इन्फ्लुएन्झाच्या) साथीची पानं संथपणे वाचावीत. एका घरातले दोन-तीन मृत्यू पाठोपाठ असतील, तर पुढच्या फेरफारात एकदम नातू वारस का लागला, याचा उलगडा तिथेच होतो.

मोडी वाचताना शब्द तोडलेले नसतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. छापील मुळाक्षरांच्या तक्त्यापेक्षा त्याच कुलकर्ण्याच्या हातचा तक्ता करावा: गावाचं नाव, महिने, ओळखीची आडनावं त्याच पानावरून उचलायची आणि त्यांवरून बाकीची अक्षरं लावायची. पेशवाईतल्या कागदावर 'समान सबैन मया व अलफ' असेल तर 8+70+100+1000, म्हणजे त्या काळच्या कागदांतला सुहूर सन 1178. सन मृगाला पालटतो. इसवी सन काढायला मृग ते डिसेंबरला 599 मिळवायचे, जानेवारी ते मृगाला 600. हा कागद 1777-78 चा. सरसकट 600 मिळवले तर बाप-लेकाचा क्रम उलटा लागू शकतो.

जमिनीच्या दप्तरात बायका फारच कमी दिसतात, आणि ही उणीव खरोखर बोचते. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत, म्हणजे यात्रेकरू घराण्यांच्या वह्यांत, गाव आणि आडनाव सांगून शोध घ्यावा. तिथे आई, बायको, सुना यांची नावं मिळू शकतात. विचारताना आजचं नव्हे, मूळ गाव सांगावं.

आता चौथं घर. त्यांची वाडी कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात गेली. जमीन बुडाली की सातबाऱ्याचा धागा तुटतो आणि नवा उतारा पुनर्वसनाच्या गावी, कधी दुसऱ्याच जिल्ह्यात, सुरू होतो. इथे दोन कागद हवेत: भूसंपादनाचा निवाडा, ज्यात सर्व्हे नंबरवार खातेदार आहेत, आणि पुनर्वसन शाखेतलं संकलन रजिस्टर, म्हणजे धरणग्रस्त खातेदारांची नोंदवही. निवाड्यातला सर्व्हे नंबर आणि हिस्सा हातात आला की 1957 मागचा रस्ता बाकी तीन घरांसारखाच. शिवाय 1 एप्रिल 1957 ला कुळकायद्यातला कृषिदिनही (कुळांना, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यांना, मालक मानण्याचा दिवस) आला आणि नवे पैसेही. त्यामुळे कुळाचं नाव मालक म्हणून लागलं आणि आकारही आण्यांतून पैशांत गेला, असे दोन्ही बदल आसपासच्या पानांवर मिळतात. हे घर कूळ होतं की मूळ खातेदार, हे ठरल्याशिवाय त्यांना भावकीच्या कुठल्याही फांदीला जोडायचं नाही. निवाड्याच्या नकलेचा अर्ज गेला आहे. तोवर वंशावळीत त्यांची जागा पेन्सिलनेच.