मोल्टकेने कंट्रोलला विचारलंच नाही

मे महिन्याची दुपार, बाहेर 45 डिग्री. कूलरसमोर लॅपटॉपवर पहिल्या महायुद्धाचा गेम खेळत बसलेला नातू म्हणाला, "आबा, पाहा. जर्मनीची पूर्ण फौज रशियाकडे वळवली. बेल्जियमला हातच नाही लावला!"

"गाड्यांना पाथ कोणी दिला बे?" माझ्या तोंडून निघून गेलं. पाथ म्हणजे गाडीला रुळावरून जायला आखून दिलेली वेळ. नोकरी रेल्वेच्या नागपूर कंट्रोलमध्ये, गाड्यांच्या चार्टवर तिरक्या रेघा ओढण्यात गेली, दुसरं सुचणार काय?

मग त्याला 1 ऑगस्ट 1914ची संध्याकाळ सांगितली. लंडनहून जर्मन राजदूत लिखनोव्स्कीची तार बर्लिनला आली. तिचा अर्थ असा लागला की पश्चिमेला हल्ला केला नाही, तर इंग्लंड फ्रान्सला गप्प बसवेल. जर्मनीचा बादशहा कैसर खूश! सेनापती मोल्टकेला म्हणाला, सगळी फौज पूर्वेला न्या. मोल्टके म्हणाला, जमणार नाही, वर्षभर खपून बसवलेलं वेळापत्रक आहे. तोवर लक्झेंबर्गमधलं एक स्टेशन जर्मन तुकडीने तारयंत्रासकट ताब्यातही घेतलं होतं. अर्ध्या तासाने मोटारीतून दुसरे जर्मन हजर: चूक झाली, परत फिरा. (असले मेमो आम्हालाही यायचे.) रात्री उलगडा झाला, इंग्लंडचं तसं काही म्हणणंच नव्हतं. झालं, गाड्या पश्चिमेला, बेल्जियम-फ्रान्सच्या दिशेने सुटल्या.

2 ते 18 ऑगस्ट, कोलोनच्या एका पुलावरून 54 डब्यांच्या 2,150 गाड्या. साधारण दर 10-12 मिनिटांना एक! आमच्याकडे इटारसी लाइनीवर धाराखोहच्या घाटात एक मालगाडी अडली तरी कंट्रोलची रात्र काळी व्हायची. म्हणून मी कितीतरी वर्षं मोल्टकेच्याच बाजूने होतो.

पण जर्मन रेल्वे विभागाचा प्रमुख जनरल फॉन श्टाब याने युद्धानंतर पुस्तकच लिहिलं: सातपैकी चार सैन्यं 15 ऑगस्टपर्यंत पूर्वेला नेऊन दाखवली असती. ज्याच्या हातात चार्ट, त्याला कोणी विचारलंच नाही!

बेल्जियम वाचलं असतं, तर युद्धात उतरावं की नाही यावर दुभंगलेल्या लंडनच्या मंत्रिमंडळाने युद्धाला कारण कोणतं दिलं असतं? आपले शिपाई तिकडे फ्लँडर्सच्या चिखलात कशाला गेले असते? व्हर्सायचा तह, हिटलर... तिथून पुढचा सेक्शन माझा नाही.

तोवर नातवाच्या गाड्या सरहद्दीला टेकल्या. "थांब," म्हटलं, "पुढे रशियात दोन रुळांमधलं अंतर बहुतेक ठिकाणी 1524 मिलिमीटर, तुझ्याकडे 1435. इतवारी स्टेशनात छोट्या लाइनीचा माल मोठ्या लाइनीत चढवताना काय घाम निघायचा, ठाऊक आहे?"

"गेममध्ये तसं नसते न आबा," म्हणाला, आणि एका क्लिकमध्ये वॉर्सा घेतलं.